हंसें होणें आणि हंसविणें

सुशिक्षित घरांतलीं आजारपणें दोन प्रकारचीं असतात. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी हीं दिवाणखान्यांत बसून सांगावयाचीं. त्यांचीं औषधें, त्यांचीं पथ्यें आणि त्यांचे डॉक्टर आल्यागेल्याला आपण आपण होऊन सांगत बसतों. दुसरीं असतात तीं माजघरांतलीं. त्यांच्याविषयीं बोलावयाचें तें दार लोटून आणि आवाज उतरवून. एखाद्या घरचा हुशार मुलगा तीन तीन महिने खोलीबाहेर पडत नाहीं; एखादी सून बाळंतपणानंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहते; एखादे पेन्शनर गृहस्थ रात्रीच्या रात्री अंथरुणावर बसून काढतात. कोणीं विचारलेंच, तर "अशक्तपणा आहे", "अभ्यासाचा ताण पडला" असें कांहीं तरी सांगून पाहुण्यापुढें चहाचा कप सरकविला जातो. आजाराची भीति असतेच. परंतु तिच्याहून मोठी भीति असते ती चारचौघांत हंसें होण्याची.

ही भीति फार महाग पडते. 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेनें २०१५-१६ सालीं देशांतील बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तींत प्रौढ माणसांपैकीं शेंकडा १०.६ जणांना त्या वेळीं कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचें आढळलें. म्हणजे दर दहा माणसांत एक. आणि निरनिराळ्या विकारांचा हिशेब पाहतां दर शंभर रुग्णांपैकीं सत्तर ते ब्याण्णव जण उपचाराविना राहिलेले दिसले. डॉक्टरांची टंचाई हें याचें एक कारण खरेंच. परंतु ज्या घरांना डॉक्टर परवडतो आणि ज्यांच्या रस्त्यावरच त्याची पाटी असते, तीं घरेंहि जेव्हां त्याच्या जिन्यापाशीं घुटमळून परत येतात, तेव्हां दोष टंचाईचा नसतो.

अशा स्थितींत कोणी आपला हाच आजार बरोबर घेऊन, हातांत माइक धरून, परक्या लोकांपुढें उभा राहिला आणि त्यानें त्यांना पोट धरधरून हंसविलें, तर त्याला काय म्हणावें? कॅनडांतील व्हँकूव्हर शहरीं असा एक उपक्रम चालतो. डेव्हिड ग्रॅनिरर हे तेथील एक समुपदेशक. त्यांना स्वतःला नैराश्याचा विकार आहे. एका महाविद्यालयांत ते विनोदी सादरीकरणाचे वर्ग घेत असत. त्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्या माणसांचा धीटपणा वाढलेला पाहून त्यांनीं २००४ सालीं 'स्टँड अप फॉर मेंटल हेल्थ' या नांवानें मानसिक रुग्णांसाठींच असा वर्ग काढला. शिकावयास येणाऱ्यांनीं कांहीं महिने आपल्याच अनुभवांवर विनोद लिहावयाचे, ते एकमेकांना ऐकवावयाचे, तासून घ्यावयाचे आणि शेवटीं खऱ्या प्रेक्षकांपुढें त्यांचा प्रयोग करावयाचा, अशी ही पद्धति. रुग्णालयांत आणि विद्यापीठांत अशा मंडळींचे प्रयोग झाले आहेत.

हें वाचून आमच्यांतील कित्येकांना वाटेल, 'तिकडच्या लोकांचें सगळेंच न्यारें! आपल्याकडे असलें कांहीं चालावयाचें नाहीं.' परंतु थोडा विचार केला तर असें दिसून येईल कीं, यांतील 'स्टँड-अप' हें नांव तेवढें परकें आहे. वस्तु आपल्या घरची आहे. आणि पुण्यांत तर ती विशेषच घरची आहे.

आपल्या घरची वस्तु

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत हास्यरसाचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले आहेत. माणूस स्वतः हंसतो तें आत्मस्थ आणि दुसऱ्यास हंसवितो तें परस्थ. आपल्या संस्कृत नाटकांत दुसऱ्यास हंसविण्याचें काम ज्याच्याकडे असे, तो विदूषक बहुधा ब्राह्मण असे, ही गोष्ट या मासिकाच्या वाचकांनीं मुद्दाम ध्यानांत घेण्यासारखी आहे. शाकुंतलांतील माधव्य काय किंवा मृच्छकटिकांतील मैत्रेय काय, आपली भूक, आपला भित्रेपणा आणि आपली फजिती हेंच त्यांचें भांडवल. त्यामुळें ब्राह्मणांचा मान गेला, अशी तक्रार त्या काळच्या विद्वानांनीं केल्याचें ऐकिवांत नाहीं. पुढें पैठणास एकनाथमहाराजांनीं भारुडें रचलीं, तीं वासुदेवाच्या, जोश्याच्या, गोंधळ्याच्या मुखानें. ज्यांच्याकडे विद्वान् माणसें वळून पाहत नसत, त्यांच्या तोंडीं त्यांनीं अध्यात्म घातलें आणि लोकांना हंसवीत हंसवीत तें त्यांच्या गळीं उतरविलें.

असें असूनहि आपल्या वडीलमंडळींनीं विनोदाकडे बराच काळ वांकड्या नजरेनें पाहिलें. समर्थांच्या एका प्रसिद्ध वचनाचा आधार घेऊन त्याला टवाळांच्या पंगतीस बसविण्यांत आलें. ती पंगत मोडली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं, आणि त्यांच्यामागून गडकऱ्यांनीं व चिं. वि. जोशी यांनीं. चिं. विं.चा चिमणराव घरोघरीं प्रिय झाला, याचें कारण तो दुसऱ्याला हंसत नाहीं. आपली फजिती तो आपल्याच तोंडानें, अगदीं गंभीरपणें सांगतो आणि वाचकाला वाटतें, 'अरे, हें तर आमच्याच घरांतलें!'

छापील पानांतला हा फजितीबहाद्दर पुढें प्रत्यक्ष रंगमंचावर आला. १९६१ सालीं पु. ल. देशपांडे यांनीं 'बटाट्याची चाळ' एकट्यानें रंगमंचावर उभी केली. नेपथ्याचा थाट नाहीं, सोबतीला नटसंच नाहीं. एक माणूस, त्याचा आवाज आणि समोर भरलेलें नाट्यगृह. हा प्रकार महाराष्ट्रांत पुढें 'एकपात्री' या नांवानें रूढ झाला. आजचे तरुण ज्याला 'स्टँड-अप' म्हणतात, त्याचा हा थोरला भाऊ.

न्हाव्याच्या मुलाची गोष्ट

या एकपात्री परंपरेंत आमच्या प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळचा असा जो प्रयोग पुण्यांत झाला, तो राम नगरकर यांचा 'रामनगरी'. नगरकर हे राष्ट्र सेवादलाच्या कलापथकांतून पुढें आलेले नट. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यामुळें त्यांचें नांव महाराष्ट्रभर झालें. जन्म न्हाव्याच्या घरचा. गांवचा न्हावी म्हणजे सगळ्यांच्या घरचें वर्तमान जाणणारा आणि सगळ्यांच्या थट्टेचा विषय. आपल्या वाड्यांतून न्हाव्यानें बसावयाची जागा ठरलेली असे. त्याच्या हातून श्मश्रू झाली कीं यजमान स्नान केल्याशिवाय घरांत वावरत नसत. हें सर्व आपल्यापैकीं वयस्क मंडळींनीं डोळ्यांनीं पाहिलेलें, किंवा निदान ऐकलेलें आहे.

नगरकरांनीं हें आयुष्य लपविलें नाहीं आणि त्याचें गाऱ्हाणेंहि केलें नाहीं. जातीचा व्यवसाय, त्यापायीं होणारी अवहेलना, नाटकाची ओढ, संसारांतल्या फजित्या असें सारें त्यांनीं आपल्या तोंडानें, आपल्या क्रमानें आणि आपल्या लयींत सांगितलें. 'रामनगरी' हें त्यांचें आत्मकथन पुस्तकरूपानें आलें, त्याचे एकपात्री प्रयोग झाले, आणि १९८२ सालीं कांतिलाल राठोड यांनीं अमोल पालेकरांना घेऊन त्यावर हिंदी चित्रपटहि काढला. ज्यांच्या घरीं न्हाव्यानें ओसरीच्या खालीं बसावयाचें, त्याच घरांतलीं माणसें तिकीट काढून खुर्चीवर बसलीं आणि न्हाव्याचा मुलगा रंगमंचावर उभा राहून त्यांना हंसवूं लागला.

या ठिकाणीं आमच्या लेखाचें मर्म आहे. ज्या गोष्टीमुळें माणसाचें हंसें होत होतें, तीच गोष्ट सांगून तो लोकांना हंसवूं लागला, म्हणजे नेमकें काय बदललें? गोष्ट तीच, ऐकणारे लोकहि बरेचसे तेच. बदलला तो सांगणारा. पूर्वी ती गोष्ट त्याच्या पाठीमागें दुसरे सांगत असत. आतां ती तो स्वतः सांगतो, आणि हंशा कोठें पडावा हें तोच ठरवितो. मनाच्या आजाराची गोष्टहि अशीच आहे. ती जोंवर शेजारींपाजारीं कुजबुजली जाते, तोंवर ती रुग्णाला गाडून टाकते. तो ती स्वतः उच्चारतो, तेव्हां तिच्यावर त्याचा कांहीं अंमल चालूं लागतो.

येरवड्याचें एक अंगण

विनोद आणि मनाचा आजार यांची गांठ पुण्यांत आणखी एका ठिकाणीं पडली आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयांत डॉ. अनिता अवचट या मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करीत. त्यांचे पति अनिल अवचट यांनीं गर्दच्या व्यसनानें पोखरलेल्या तरुणांविषयीं लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या साहाय्यानें २९ ऑगस्ट १९८६ रोजीं त्याच मनोरुग्णालयाच्या आवारांत 'मुक्तांगण' हें व्यसनमुक्ति केंद्र सुरू झालें. महाराष्ट्राला ज्या माणसानें मनमुराद हंसविलें, त्याचा हात असा या कामाला लागला.

मुक्तांगणांत औषधांबरोबर एक फार जुना उपाय वापरला जातो. तो म्हणजे आपली गोष्ट आपण सांगणें. व्यसनानें घर, नोकरी, अब्रू घालविलेला माणूस आपल्यासारख्याच इतरांपुढें बसतो आणि आपण काय काय केलें तें सांगतो. रुग्णांच्या पत्न्यांच्या सभेला तेथें 'सहचरी' असें सुंदर नांव आहे. त्या बायाहि आपली कथा एकमेकींना सांगतात. ही रीति 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या १९३५ सालीं अमेरिकेंत निघालेल्या मंडळापासून जगभर पसरली. त्या मंडळाच्या मूळ ग्रंथांत असें नमूद आहे कीं, या सभांतून दारुण आठवणी सांगतांना जो हंशा उसळतो, तो ऐकून बाहेरच्या माणसाला कधीं कधीं धक्काच बसतो. त्याला वाटतें, यांना दुःखाची चाड नाहीं. वस्तुस्थिति उलट असते. ज्यांनीं तें दुःख स्वतः भोगलें आहे, त्यांनाच त्या कथेंत हंसण्याचा अधिकार असतो आणि त्यांच्याच हंसण्यानें सांगणाऱ्याला धीर येतो.

विनोद रचतांना काय घडतें

आजच्या पुण्यांत ही रीति निराळ्या वेषांत दिसते. संध्याकाळीं ठिकठिकाणच्या कॅफेंतून 'ओपन माइक' भरतात. कोणीहि नांव नोंदवावें. चारपांच मिनिटें मिळतात. तेवढ्यांत लोकांना हंसवावें, नाहीं तर मुकाट्यानें खालीं उतरावें. २०१६ पासून 'भारतीय डिजिटल पार्टी' ऊर्फ 'भाडिपा' या मंडळींनीं मराठी बोलींतील असला विनोद घरोघरच्या मोबाइलवर नेऊन पोंचविला, आणि मराठींत 'स्टँड-अप' करणारी एक तरुण पिढीच तयार झाली. यांतील पुष्कळ विनोद उथळ असतो, कांहीं शिवराळहि असतो, हें खरें. परंतु त्याच माइकवर एखादा मुलगा झोप न येण्याविषयीं, एखादी मुलगी डॉक्टरकडे पहिल्यानें गेल्याविषयीं बोलते आणि समोरचीं पन्नास माणसें ओळखीचें हंसतात, हें चित्रहि आजचेंच आहे.

अशा वेळीं मनांत काय व्यापार घडत असेल, तें पाहण्यासाठीं एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, वर सांगितलेला तो खोलींत बसून राहिलेला मुलगा आहे. त्याच्या आईनें शेजारीं सांगितलें आहे कीं, मुलगा बंगळूरला नोकरीस लागला. मुलाच्या मनांत ही गोष्ट कांट्यासारखी सलते आहे: 'आईला माझी लाज वाटली.' हें त्यानें असेंच लोकांपुढें सांगितलें, तर लोक हळहळतील. कोणी हंसणार नाहीं. आतां त्याला त्याचा विनोद करावयाचा आहे. त्यासाठीं त्याला तो प्रसंग पुन्हां पुन्हां उलटून पाहावा लागतो. तो लिहितो, "मी तीन महिने बंगळूरला होतों. आमच्याच मागच्या खोलींत." हें जमलें. पण पुढें काय? पुढें त्याला आई दिसूं लागते. दारांत उभी राहून शेजारणीला बंगळूरच्या हवेचें वर्णन करणारी आई. रात्री मुलाच्या खोलीशीं ताट ठेवून हळूच जाणारी आई. आपण न पाहिलेल्या शहरांतल्या मुलाच्या खोलीचें भाडें किती, हें कोणीं विचारलें म्हणजे गडबडून जाणारी आई. ही माणसांना हंसविणारी गोष्ट आहे. परंतु ती लिहितां लिहितां मुलाला प्रथमच उमगतें कीं, आई लाजेपेक्षां भीतीनें अधिक ग्रासली होती.

विनोदाचा खरा गुण आम्हांला येथें दिसतो. रडतांना माणूस आपल्या दुःखाच्या आंत बसलेला असतो. त्यावर विनोद करावयाचा, तर त्याला उठून समोरच्या प्रेक्षकाच्या खुर्चींत जाऊन बसावें लागतें आणि तेथून आपल्याकडे पाहावें लागतें. तेवढें अंतर पडलें कीं, घरांतलीं दुसरीं माणसेंहि दिसूं लागतात. पुष्कळदां औषधाबरोबर रुग्णाला हव्या असतात त्या याच दोन गोष्टी: आपल्या दुःखापासून थोडें अंतर, आणि दुसऱ्या माणसांचें पुनः दर्शन.

आधुनिक मानसशास्त्राचे प्रयोगहि याच दिशेला बोट दाखवितात. अमेरिकेंतील जेम्स पेनिबेकर यांनीं १९८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटें आपल्या आयुष्यांतील अत्यंत क्लेशकारक प्रसंगाविषयीं लिहावयास सांगितलें होतें. लिहितांना त्यांना वाईट वाटलें. परंतु पुढील कांहीं महिन्यांत डॉक्टरकडे जाण्याची पाळी त्यांच्यावर कमी आली. इंग्लंडांतील रॉबिन डनबार व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं असें दाखविलें कीं, इतरांबरोबर बसून मनसोक्त हंसल्यानंतर माणसाची वेदना सोसण्याची शक्ति वाढते. पहिल्या प्रयोगांत सांगण्याचें बळ दिसतें आणि दुसऱ्यांत एकत्र हंसण्याचें. रंगमंचावर हीं दोन्ही बळें एके ठिकाणीं येतात.

पथ्य

कोणत्याहि औषधाला पथ्य असतें, तसें याहि उपायाला आहे. आणि तें न सांगतां लेख संपविणें अप्रामाणिकपणाचें होईल.

पहिलें पथ्य हें कीं, स्वतःला हंसणें आणि स्वतःला तुडविणें यांत भेद करावा. कॅनडांतील मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं विनोदाच्या चार रीति वर्णन केल्या: माणसें जोडणारा विनोद, स्वतःला उभारी देणारा विनोद, दुसऱ्याला बोंचणारा विनोद आणि स्वतःला पायदळीं तुडविणारा विनोद. पहिल्या दोन रीति ज्यांच्या अंगीं असतात त्यांचें मन बहुधा स्वस्थ असतें. चौथी रीति नैराश्य आणि चिंता यांच्या सोबतीनें आढळते. ऑस्ट्रेलियाच्या हॅना गॅड्सबी या विनोदकारानें 'नॅनेट' या प्रयोगांत, जो २०१८ सालीं जगभर पाहिला गेला, हाच प्रश्न धसाला लावला. आपण वर्षानुवर्षें स्वतःलाच हिणवून लोकांना हंसविलें, हंशा पडावा म्हणून आपल्या गोष्टीचा खरा शेवट कधीं सांगितलाच नाहीं, आणि त्यामुळें आपली जखम तशीच राहिली, असें त्या प्रयोगाचें सार आहे. ज्या विनोदानंतर सांगणारा घरीं जाऊन अधिक लहान होतो, तो विनोद त्याला हितकर नव्हे.

दुसरें पथ्य वेळेचें. जखम वाहत असतांना तिच्यावर विनोद करूं नये. खपली धरूं द्यावी. ज्याला भास होतात, ज्याला रात्रंदिवस झोप नाहीं, ज्याच्या मनांत जीव देण्याचे विचार घोळत आहेत, त्याला माइकपुढें नव्हे तर डॉक्टरपुढें न्यावें, आणि त्याच दिवशीं न्यावें. हंसविणारा माणूस आंतून सुरक्षित असतो, असेंहि समजूं नये. अमेरिकेचे रॉबिन विल्यम्स यांनीं कोट्यवधि लोकांना हंसविलें. २०१४ सालीं त्यांनीं स्वतःच्या आयुष्याचा शेवट केला, आणि त्यांच्या मेंदूला एका गंभीर विकारानें ग्रासलें होतें हें मृत्यूनंतरच्या तपासणींत उघड झालें. मेंदु हाहि शरीराचा भाग आहे. त्याला औषध लागलें तर तें दिलेंच पाहिजे. टाळ्यांनीं तें काम होत नाहीं.

तिसरें पथ्य दुसऱ्यांच्या अब्रूचें. आपली गोष्ट सांगण्याचा हक्क आपला. परंतु तींत आई, बायको, भाऊ हेहि येतात, आणि त्यांनीं रंगमंचावर येण्याचें कबूल केलेलें नसतें. आपल्या कल्पित मुलानें आईला विचारूनच तो बंगळूरचा विनोद लोकांपुढें करावा, असें आम्ही म्हणूं. ती विचारपूसच कदाचित् त्या घरांतलें तीन महिन्यांतलें पहिलें खरें बोलणें ठरेल.

घरच्यांचा भाग

प्रत्येक रुग्णानें रंगमंचावर जावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. बहुतेकांना तें जमणारहि नाहीं, आणि न जमण्यांत कमीपणा नाहीं. परंतु रंगमंच नसला तरी श्रोते प्रत्येक घरांत असतात. स्वतःची गोष्ट सांगण्यानें माणूस हलका होतो हें खरें असेल, तर ती ऐकून घेण्याचें कर्तव्य कोणाचें, हा प्रश्न आपल्यापाशीं येऊन थांबतो. मुलगा बोलूं लागला कीं, "आम्हांला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहींस" हें वाक्य जिभेवर येतें. तें गिळावें. "आमच्या वेळीं असलीं दुखणीं नव्हतीं" हेंहि म्हणूं नये, कारण तें खोटें आहे. आपल्या वेळींहि तीं होतीं, फक्त त्यांना अंगांत येणें, तऱ्हेवाईकपणा किंवा संन्यास अशीं नांवें होतीं.

ज्यांना या विषयाचा संकोच वाटतो, त्यांना पुण्यांतच चांगलीं उदाहरणें सांपडतील. 'घाशीराम कोतवाल' या नाटकांत नाना फडणविसांची भूमिका गाजविणारे डॉ. मोहन आगाशे हे मानसोपचारतज्ज्ञ. पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था उभी करण्यांत त्यांचा मोठा वाटा होता. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर या पुण्याच्या दिग्दर्शकांचा नैराश्यावरील 'कासव' हा चित्रपट घरांतल्या सर्वांनीं बरोबर बसून पाहण्यासारखा आहे. २०१६ सालच्या उत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय सुवर्णकमळ त्याला मिळालें, आणि त्यांत डॉ. आगाशे यांची भूमिकाहि आहे. रंगमंच आणि रुग्णालय हीं दोन जगें वाटतात तितकीं दूर नाहींत, हें यावरून ध्यानीं यावें.

कायदाहि आतां रुग्णाच्या बाजूस आहे. २०१७ सालचा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलांत आला. मानसिक आजारावरील उपचारासाठीं शारीरिक आजाराप्रमाणेंच विमा मिळाला पाहिजे, असें त्यांत सांगितलें आहे. सरकारनें २०२२ सालीं 'टेलि-मानस' ही दूरध्वनीवरील सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हांहि, विनामूल्य, मराठींतून बोलतां येतें. कुलदेवतेच्या उपासनेचे दिवस आणि गॅसवाल्याचा क्रमांक आपण स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवतों. त्यांच्या शेजारीं हा क्रमांक लिहावयास जागा नक्की निघेल.

शेवटीं पुन्हां त्या मागच्या खोलीकडे वळूं. दार अजून लोटलेलेंच आहे. मुलगा रंगमंचावर जाईल न जाईल. तो त्याचा प्रश्न. पण एखाद्या संध्याकाळीं तो स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभा राहील, तेव्हां आईनें घाबरूं नये, डोळे पुसूं नयेत आणि प्रश्नांची सरबत्तीहि करूं नये. चहाचें आधण आणखी एक कप वाढवावें आणि सहज विचारावें, "काय रे, बंगळूरहून कधीं आलास?" दोघेंहि हंसलीं, तर औषधाची पुढची मात्रा डॉक्टरांनीं द्यावयाची आहे एवढेंच समजावें, पहिली मात्रा घरांतच दिली गेली.